पाव्हण्यांसमोर दिलेलं उत्तर

फौजेतून निवृत्त होऊन गावी आलो आणि माझी झोप उडाली. छातीत धडधडायचं, शेतात एकटा असलो की उगीच रडू यायचं. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर गटातही जायला सांगितलं. तिथं असाच त्रास असलेली माणसं एकत्र बसून बोलतात. गट इस्लामपुरातही होता, पण ओळखीचं कुणी बघेल म्हणून मी साताऱ्याला जायचो. घरी सांगायचो, मिलिटरी कॅन्टीनला चाललोय.

त्या दिवशी खोलीत शिरलो, तर दाराजवळच्या खुर्चीत माझे व्याही. सांगलीला त्यांच्याच घरात माझी मुलगी दिलेली. मागं फिरावं म्हटलं, तोवर त्यांनी पाहिलं.

“पाव्हणं, तुमी हितं?”

“जरा काम होतं,” मी म्हणालो. पुढं दोघंही जमिनीकडं बघत बसलो.

नेमक्या त्याच दिवशी पुण्याहून एक बाई आल्या होत्या. गटाचा फायदा होतो तो नक्की कशामुळं, हे त्यांना मोजायचं होतं. माहितीमुळं, सल्ल्यामुळं, की माणसं भेटल्यामुळं? गट चालवणाऱ्या ताईंनी माझ्याकडं बोट केलं. “यांना विचारा, हे पहिल्यापासून येतात.”

व्याही ऐकत होते. “माहितीमुळं,” मी म्हणालो. खरं तर ती माहिती मी कधी धड ऐकलीही नव्हती.

मग व्याह्यांची पाळी आली.

“माहिती मोबाईलवर बी मिळती,” ते म्हणाले. “घरात मला रडता येत न्हाई. सून शेजारी येऊन बसती, काय विचारत न्हाई. च्या गार झाला की दुसरा करती. तिच्यापुढं लय लाज वाटती. हितं न्हाई वाटत.”

ती सून म्हणजे माझी मुलगी. सासऱ्यांच्या आजाराबद्दल तिनं फोनवर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि तिच्या सासरी कळायला नको म्हणून मी माझं दुखणं तिच्यापासूनही लपवलं होतं.

बाई पुढच्या माणसाकडं वळल्या होत्या. “मॅडम, माझं तेवढं बदला,” मी म्हणालो. “पाव्हणं म्हणाले तेच माझं.” व्याह्यांकडं बघायचं मात्र धाडस झालं नाही.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“परक्यांना सांगत व्हतासा,” ती म्हणाली, “आन् मला न्हाई?”

शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्याकडं दिला.