मामांची दहा फुटांची काठी

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलवर राज्य प्राचार्यांचं नव्हतं, कोचचंही नव्हतं. ते मामांचं होतं. बूट न पुसता कुणी लाकडी जमिनीवर पाय ठेवला की मामा त्याच्या खानदानाचा उद्धार करत. हुद्दा शिपायाचा, तोरा जहागीरदाराचा. एकवीस वर्षं जमीन पुसायची, जाळ्या शिवायच्या आणि मोसमाआधी दोन्ही रिंगा रंगवून परत उंचीवर बसवायच्या, हे त्यांचं काम. मापाला त्यांची दहा फुटांची काठी होती. ती जमिनीवर उभी करायची, टोक रिंगेला टेकलं की स्क्रू आवळायचे. मामांनी मापलंय म्हटल्यावर पुढे कुणी विचारत नसे.

यंदाचा मोसम मात्र विचित्रच गेला. घरच्या हॉलमध्ये पोरांनी पाचच्या पाच सामने मारले. पाहुण्यांचे चेंडू रिंगेच्या मागच्या कडेवर आपटून परत यायचे आणि मामांची छाती फुगायची. बाहेरगावी हीच पोरं पाचही सामने हरली. सगळ्यात वाईट हाल संघातल्या एका डावखुऱ्या पोराचे. लांबून चेंडू टाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण बाहेर त्याचा चेंडू दर वेळी पुढच्या कडेला लागून खाली यायचा. पाचव्या पराभवानंतर कोचनं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, 'मी घाबरतो' असं त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि संघातून काढलं. लॉकरची किल्ली परत द्यायला तो मामांकडे आला, तेव्हा मामांनीही चार शब्द ऐकवले. एवढा ताडमाड वाढलास, मग जिगर कुठे ठेवलीस म्हणून.

शेवटचा सामना घरीच होता. जिंकला तर चषक. दोन दिवस आधी बाकं दुरुस्त करायला सुतार आला. मामांनी कौतुकानं काठीच्या गोष्टी सांगितल्या आणि वर, घे रिंग मापून, म्हणाले. सुतार शिडीवर चढला, टेप सोडली, परत एकदा सोडली.

"मामा, चार बोटं कमी आहे."

मामा हसले. तुझी टेप भंगारात घाल, म्हणाले. दुसरी रिंगही चार बोटं कमी निघाली. मग टेप काठीला लावली. काठीच चार बोटं कमी भरली. सुट्टीत काठीचं खालचं टोक चिरलं होतं, जमिनीवर ओरखडे उठत होते. मामांनीच ते करवतीनं कापून, घासून गुळगुळीत केलं होतं. जमिनीचं पॉलिश वाचलं या आनंदात माप गेलं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे पोरांचा हात मोसमभर बुटक्या रिंगेवर बसला होता, आणि बाहेर रिंग पूर्ण उंचीवर असायची. डोळ्यांसमोर फक्त ती किल्ली येत होती.

आता आपली खैर नाही, असं धरूनच ते कोचकडे गेले. कोचनं सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"परवाचा सामना इथेच आहे ना? तो होऊ दे. मग करा नीट."

मामांनी डावखुऱ्याचं विचारलं. कोचनं घड्याळ बघितलं. मामांना हा धक्का पहिल्यापेक्षा जोरात बसला. एकवीस वर्षं ते ज्याला सर म्हणत होते, तो माणूस हाच का, हे त्यांना कळेना.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी सुताराची टेप मागून आणली आणि दोन्ही रिंगा बरोबर दहा फुटांवर चढवल्या. पोरांचे चेंडू पुढच्या कडेला लागत राहिले. एकोणीस गुणांनी पोरं हरली. कोचनं एकदाच वर रिंगेकडे पाहिलं, मग मामांकडे. नोकरी राहते की जाते, हे मामांनाही ठाऊक नव्हतं.

डावखुरा शेवटच्या रांगेत बसला होता. हॉल रिकामा झाल्यावर मामांनी त्याला बोलावलं, काठी हातात दिली, काहीही न लपवता सांगितलं आणि हात जोडले. पोरगा कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिला.

"मी घरीपण सांगितलं, मामा," तो म्हणाला. "बाबांना. की मी भित्रा आहे."

"मग आता खरं सांग."

"ते तेव्हाच म्हणाले, मला माहीतच होतं."