नाव नसलेल्यांचं पान

आत्या गेली तो श्रावणातला मंगळवार. विचुंब्यात, चौथ्या मजल्यावरच्या तिच्या घरी आम्ही तिघंच होतो... तिचा मुलगा दिनेश, सून वैशाली आणि मी, तिचा भाचा. आजार लांबला नाही. सगळं रीतीनं झालं, असं मला दहा दिवस वाटत होतं.

आमच्या शेतात, नदीच्या अंगाला, दगडांची एक गोल रास होती. गावात तशा आणखीही होत्या. फार जुन्या काळच्या माणसांची थडगी, एवढंच सगळे सांगत. त्यापलीकडे मलाही माहीत नाही. पितरांच्या अमावस्येला घरच्यांची पानं घालून झाली की एक पान त्या राशीवर जाई. ते आत्या नेई. नवरा लवकर गेल्यामुळे ती दिनेशला घेऊन माहेरीच राहिली होती. पुढे भाताला जागा हवी म्हणून एकेकानं राशी मोडल्या. माझ्या वडिलांनीही मोडली. दगड बांधाला लागले, चांगले निघाले ते घराच्या जोत्यात गेले. आत्या भांडली नाही. तिनं पान बांधावर ठेवायला सुरुवात केली, आणि शेत विकलं गेल्यावर जोत्यावर.

मी एकदा विचारलं, "आत्या, ती माणसं आपली कोण, ते तरी ठाऊक आहे का?"

"तुज्या आज्याच्या आज्याचं नाव सांग."

मी बोटांवर पिढ्या मोजायला लागलो.

"नाय ना ठावं? मंग त्याला काय उपाशी ठेवाचा?"

घर पाडून इमारत उभी करायचं ठरलं तेव्हा मात्र ती जोत्यावर जाऊन बसली. खाली मशीन थांबलेलं. वडील वैतागून म्हणाले, "अगो, सगलं जोतं टेम्पोत भरून देऊ काय तुला? फ्लॅटात मांड!"

"येक दे. बाकीचे बस तूच उरावर घेऊन."

नारळाएवढा एक दगड पदरात घेऊन ती उठली. बाकीचे भरावात गेले. तो दगड मग तिच्या गॅलरीत, सुकटीच्या डब्याच्या झाकणावर असे. वर्षभर मांजरापासून सुकट राखायची, आणि अमावस्येला त्याच्यापुढे पान.

आत्याला नेताना कुणीतरी म्हणालं, "जीवखडा इथूनच न्या रं. तिकडं सगले पेवर ब्लॉक हायत, दगूड नाय मिलाचा." मडकं फोडायला आणि दहा दिवस मृताच्या नावानं ठेवायला तो दगड लागतोच. दिनेश आत जाऊन घेऊन आला. भटजी म्हणालेसुद्धा, "एवढा मोठा?" मग तो फडक्यात बांधला गेला, आणि सुतकात सुकटीच्या डब्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दहाव्याला गाढी नदीला पाणी भरपूर होतं. दिनेशनं पाठ करून दगड मागे टाकला. मी आवाज ऐकला.

संध्याकाळी गॅलरीतून वैशाली ओरडली, "मांजरानं डबा पाडलाय! झाकणावरचा दगड कुणी घेतला?"

दिनेश चपलांच्या रॅकवरच बसला. "माज्या हाताला तोच लागला, दादा..."

त्यानंतर मी तीनदा पुलावर जाऊन आलो. गढूळ पाण्यात काय दिसणार? आणि दिसला तरी कुठला आपला, हे कशावरून ओळखणार? शेवटचा दगड आत्या बरोबर घेऊन गेली असं म्हणावं, तर बरं वाटतं. पण तो तिचा नव्हता. ती फक्त सांभाळत होती. आता पान ठेवायचं कुठं? ठेवलं नाही तर आत्याच्या मागे पहिल्याच वर्षी आम्ही ते मोडलं, असं होणार. मनाशी एक ठरवून बसलो की दुसरा विचार उठवत होता...

अमावस्येला वैशालीनं वडे, भात, भोपळ्याची भाजी केली. घरची पानं वाढायला दिनेश आत्याचा फोटो घेऊन आला, तेव्हा भटजींनी हात केला. "वर्ष पुरं होऊ द्या. तोवर त्यांना पितरांत धरत नाहीत."

"म्हणजे आज आई उपाशी?" वैशालीनं विचारलं. भटजी पुढचं पान मांडायला लागले.

मी गॅलरीत गेलो. डब्याच्या झाकणावर सगळीकडे गंज चढला होता, मधोमध दगडाएवढा गोल तेवढा स्वच्छ राहिला होता. वैशालीकडून पान मागून घेतलं आणि त्या गोलावर ठेवलं. ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, त्यांचं पान. त्यांच्याकडे वर्षाची अट नसते.

दिनेश मागून आला, आणि त्यानं त्याच पानावर आणखी एक वडा वाढला.