सासऱ्यांच्या पापण्या

मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं आणि आमच्या घरातले पूर्वज उपाशी असल्याचं उघडकीस आलं.

तोवर ते बिचारे पितृपंधरवड्यात एकदा जेवायचे आणि पुढं वर्षभर कुणाला त्रास द्यायचे नाहीत. मी शिकायला गेले नसते तर आजही तसेच गप्प असते.

झालं होतं असं, की बारावी झाल्या झाल्या माझं लग्न झालं आणि मी औरंगाबादला गारखेड्यात नांदायला आले. (तेव्हा गारखेड्यात घरं कमी आणि वावरं जास्त होती. आमच्या ओट्यावर बसलं की थेट ज्वारी दिसायची.) सासरे, म्हणजे आमचे मामा, मूळचे पिशोरचे. शाळा त्यांनी निजामाच्या राज्यात उर्दूत केली, पोलिस ॲक्शननंतर वैजापूरच्या तहसिलीत कारकून म्हणून लागले आणि मराठी अर्ज वाचता वाचता मराठी वाचायला शिकले. म्हणून की काय, शिकणाऱ्या माणसाबद्दल त्यांना फार माया. "पोरीला कॉलेजात घालायचं," असं त्यांनी लग्नातच सांगून टाकलं. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते पसंत नव्हतं. शेवटी तह झाला : एक साल जाऊ द्यायचं, पुढचं पुढं बघू. ते साल आता संपत आलं होतं, आणि माझ्या दुसऱ्या वर्षाचा निकाल विद्यापीठाच्या नाही, आत्याबाईंच्या हातात होता.

मानसशास्त्र मी एका उदात्त हेतूनं घेतलं होतं. आत्याबाईंच्या मनात काय चाललंय, ते आपल्याला कळावं! पण पुस्तक उघडलं तर प्रकरण निघालं 'वर्तनाचा जैविक आधार'. त्यात मन औषधालाही नव्हतं. मेंदू होता, मज्जातंतू होते, ग्रंथी होत्या. म्हटलं ठीक आहे, जे मिळालं त्यावर भागवू. त्याच आठवड्यात माझ्या हातून दूध उतू गेलं आणि आत्याबाई कडाडल्या. मी शांतपणे म्हणाले,

"आत्याबाई, हा राग तुमचा नाहीच. माणसाच्या मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते, तिच्या पाझरानं असं होतं."

"कशावर असती?"

"मूत्रपिंडावर."

आत्याबाईंनी आधी मामांकडं पाहिलं, मग पदर डोक्यावर ओढला. "अगं, सासऱ्याम्होरं असलं बोलतेत का? हेच शिकवितेत व्हय कॉलेजात?"

त्या दिवशी त्यांची ती ग्रंथी संध्याकाळपर्यंत पाझरत होती.

मग आलं झोपेचं प्रकरण. शिकवायला एक नव्या, तरुण मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, की झोपलेल्या माणसाला स्वप्न पडतं तेव्हा मिटल्या पापण्यांखाली त्याची बुबुळं भराभर हलतात. नेमकं तेव्हा उठवलं, तर तो स्वप्न जसंच्या तसं सांगतो. तसंच झोपू दिलं, तर उठल्यावर विसरून जातो. "घरी कुणी झोपलेलं असेल तर जरूर बघा," असं म्हणून मॅडम मोकळ्या झाल्या.

घरी झोपलेलं माणूस होतंच. मामा रोज दुपारी जेवून अंगणातल्या कडुलिंबाखाली बाज टाकायचे. फाल्गुन उतरत आला होता. लिंबाला मोहोर आलेला, त्याचा कडू-गोड वास अंगणभर असायचा. पांढरी बारीक फुलं मामांच्या धोतरावर, छातीवर, मिशीवर अलगद पडत राहायची. कुठंतरी होला घुमायचा. त्या दुपारी इतक्या सुस्त असायच्या, की घड्याळसुद्धा पेंगत चालतंय असं वाटायचं. मी पाटावर पुस्तक घेऊन बाजेजवळ बसायचे आणि मामांच्या पापण्यांकडं टक लावून बघायचे. (शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हे पाहिलं आणि 'सून सासऱ्याची लई सेवा करती' असं गावभर सांगितलं. मीही खुलासा केला नाही.)

"मामा, तुम्हाला स्वप्नं पडतात?" मी आधीच विचारून ठेवलं होतं.

"छ्या! जन्मात नाय. दगडावानी झोपतो मी."

आणि पहिल्याच दुपारी दगडाची बुबुळं हलली! पापण्यांखाली कुणीतरी इकडून तिकडं धावत होतं. मी घाईघाईनं त्यांचा खांदा हलवला. "मामा! काय दिसलं? पटकन सांगा!"

मामा उठून बसले. ज्वारीकडं बघू लागले. मग म्हणाले,

"माय आली व्हती."

मामांची आई ते लहान असतानाच गेली होती. तिचा फोटो नव्हता, आणि तिचा चेहरा मामांना आठवत नव्हता. तसं ते कधी बोलून दाखवत नसत, पण कुणाच्या भिंतीवर म्हाताऱ्या बाईचा फोटो दिसला की जरा जास्तच वेळ बघत उभे राहायचे.

"पिशोरच्या वावरात उभी व्हती. हिरवं लुगडं. तोंड दिसलं गं, मंगल! हनुवटीवर गोंदलेलं व्हतं. मला ठावंच नव्हतं."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही आलं. विज्ञानाबद्दल एवढं प्रेम मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. इथंच थांबायला हवं होतं. पण मामा पुढं म्हणाले, "भूक लागली म्हणत व्हती," आणि ते ओट्यावर ज्वारी पाखडणाऱ्या आत्याबाईंनी ऐकलं.

सूप खाली आलं. "भूक लागली? मेलेलं माणूस सपनात जेवाया मागतंय आन् तुम्ही नुसते रडत बसलात? उद्याच्या उद्या पुरणपोळी करा!"

'करा' म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी मी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, छपरावर पान ठेवलं. कावळ्यानं पहिल्याच फेरीत घास उचलला. आत्याबाई प्रसन्न झाल्या. मामा त्याहून प्रसन्न झाले आणि जेवून हात धुताच बाजेकडं निघाले.

"मंगल, ध्यान ठेव बरं का. डोळं हललं की उठीव."

आता त्यांना चटकच लागली! जो माणूस जन्मात स्वप्न न पडल्याची फुशारकी मारायचा, तो दुपार व्हायची वाट बघायला लागला. आणि आई घरी जेवून गेल्याची बातमी तिकडं पसरली असावी, कारण बाकीची मंडळीही यायला लागली. मामांची आजी आली, तिला धपाटे हवे होते. थोरली बहीण आली, तिनं शेवयांची खीर मागितली. मग त्यांचे चुलते आले. ते जिवंतपणी शौकीन होते.

"तात्या नान-खलिया मागत व्हते," मामा अपराधी तोंडानं म्हणाले.

आमचे हे नुकतेच कंपनीतून पहिली पाळी करून आले होते. त्यांना आल्या पावली सायकलवरून शहागंजला पिटाळलं. मटणाच्या खलियाचा डबा आणि नान घेऊन परत आले तेव्हा घामानं निथळत होते.

"मंगल, तुझं हे प्रकरण संपणार कधी?"

"पुढचं प्रकरण भूक आणि तहान आहे."

हे तांब्याभर पाणी पिऊन आडवे झाले.

गारखेड्यातले कावळे त्या दिवसांत असे माजले, की साध्या भाकरीकडं बघेनात. माझा अभ्यास मात्र पाट्याखाली गेला. सकाळी पुरण, दुपारी पापण्या, संध्याकाळी भांडी. लहान मेंदू कुठं असतो आणि काय करतो हे आठवायला बसले, की डोळ्यांपुढं चण्याची डाळ यायची. आणि तेवढ्यात आत्याबाईंना एक कल्पना सुचली.

"सगळे येतेत, खातेत, जातेत. आता सासूबाई आल्या की त्यांनाच इचारा," त्या मामांना म्हणाल्या, "ह्या पोरीनं म्होरं शिकावं का घरात बसावं. त्या म्हणतील तसं. मंग माझं बी काही म्हणणं नाय."

मामांच्या आईचा शब्द आता त्या घरात शेवटचा होता. बाई जिवंतपणी शाळेच्या पायरीलाही शिवली नव्हती, तिला माझ्या बी.ए.चं काय पडलंय? आणि तिला बोलावून आणणारी मीच!

मी ठरवलं, बुबुळं हलली तरी उठवायचंच नाही. उठवलं नाही की माणूस स्वप्न विसरतो, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. पण आत्याबाई माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थिनी निघाल्या. इतके दिवस ओट्यावरून बघून त्यांचं सगळं प्रकरण तयार झालं होतं. दुपारी त्या सूप घेऊन बाजेच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या.

"हललं! हललं गं डोळं!" त्यांनी मामांना गदागदा हलवलं. "आल्या का सासूबाई?"

"आली," मामा डोळे चोळत म्हणाले. "पर बोलली नाय काहीच. पाठमोरी उभी व्हती."

"पाठ फिरविली! म्हंजी नाय म्हणाल्या."

"अगं, असं कसं? ज्वारी बघत आसंल."

"मग उद्या परत इचारा. उद्याचं शेवटचं."

त्या दिवशी मी देवाला नारळ बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आडवे झाले तसं त्यांच्या कानाशी बसून प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले. म्हटलं, शिक्षणाचे चार शब्द कानांवाटे आत गेले तर स्वप्नालाही वळण लागेल. 'मज्जापेशीचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे' एवढं वाचलं आणि घोरण्याचा आवाज आला. बघते तो, आत्याबाई! भिंतीला टेकून, मांडीवरच्या सुपासकट. त्यांचीच बुबुळं हलत होती. (मी उठवलं नाही. आणखी एक स्वयंपाक वाढला असता.)

मामा मात्र जागेच होते की झोपलेले, काही कळेना. बाजेवर सरळ पडलेले, डोळे गच्च मिटलेले. लिंबाची फुलं पडत होती. एक मुंगळा त्यांच्या पायावर चढला, तो त्यांनी दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं बेतानं झटकला. थोड्या वेळानं आत्याबाई दचकून जाग्या झाल्या आणि पुन्हा पहाऱ्याला बसल्या. आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी वाकून बघत होतो. पापण्या एकदम निश्चल. काही म्हणजे काही हलत नव्हतं.

आणि मामा ताडकन उठून बसले.

"आली व्हती!"

"काय म्हणाल्या?" आत्याबाईंनी विचारलं. मला विचारायचं धाडसच झालं नाही.

"म्हणाली, पोरीला शिकू द्या. मला शिकाया भेटलं नाय, तिला भेटू द्या." मामा हळूच पुढं म्हणाले, "आन् म्हणाली, माझं पोट भरलं. आता सैपाक बंद करा. पोरगी बेजार झाली."

आत्याबाईंनी डोळे बारीक केले.

"पर डोळं तर हललं नाय! मी बघत व्हते की. टक लावून बघत व्हते." मग त्या माझ्याकडं वळल्या. "मंगल, तू सांग. तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय? डोळं हलल्याबिगर सपान पडतं का?"

मी मामांकडं पाहिलं. मामा ज्वारीकडं बघत होते. त्यांच्या मिशीवर लिंबाचं एक फूल अडकलं होतं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्यासाठी या माणसानं आपल्या आईच्या नावानं खोटं बोलायचं धाडस केलं होतं. तीही अशी आई, की जिचं तोंड त्याला साठाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं होतं. मांडीवर पुस्तक उघडंच होतं. त्यात नेमकं त्याच पानावर, मीच लाल शाईनं अधोरेखित केलेलं, उत्तर होतं : नाही.

"पडतं, आत्याबाई," मी म्हणाले. "कधी कधी पडतं."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, मग सूप उचललं. "सासूबाईच म्हणाल्या म्हंजी संपलंच," असं पुटपुटत त्या आत गेल्या. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला मानसशास्त्रात पुढं एम.ए. करूनही समजलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात चाचणी परीक्षा होती. झोपेवर प्रश्न आला : 'बुबुळे स्थिर असताना व्यक्ती स्वप्न पाहते का? सकारण लिहा.' उत्तर तोंडपाठ होतं. पण घरी एकदा शब्द देऊन बसले होते, आणि आत्याबाईंनी पेपर मागितला तर? (त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांचा नेम नाही.) शेवटी हिय्या करून लिहिलं, 'होय, पाहते. सासरे असतील तर हमखास पाहते.'

मॅडमनी भल्यामोठ्या लाल शून्यानं ते उत्तर साजरं केलं. त्यांचा तरी काय दोष म्हणा! त्यांचं लग्न व्हायचं होतं अजून.