मेंढरं हाईत तवरची रजा

आधीच सांगून टाकते, शाखाधिकारीपद मला मिळालं नाही. उगाच शेवटपर्यंत कुणी वाट बघत बसायला नको. ज्या वर्षी ते मिळायचं होतं, त्याच वर्षी मी माझी हक्काची सगळी रजा घेतली, आणि उद्या परत तीच वेळ आली तर परत घेईन. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या असतील तर खुशाल झोंबू देत.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका पतसंस्थेत मी कर्ज विभागात आहे. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली मोबाइलची दुकानं, आणि दिवसभर रिक्षांचे हॉर्न. आमच्याकडे भरपगारी रजा कागदोपत्री भरपूर आहे. नेमणूकपत्रात लिहिलेली, संचालक मंडळानं मंजूर केलेली. मार्चअखेर ती बुडते. पुढच्या वर्षात जात नाही, तिचे पैसेही मिळत नाहीत. तुम्ही म्हणाल, मग घ्यायची की! तिथंच तर सगळी गंमत आहे. ती असते, पण घ्यायची नसते.

दर वर्षी वार्षिक सभेत एक सत्कार ठरलेला. वर्षभरात एकही रजा न घेणाऱ्या कर्मचाऱ्याला शाल आणि नारळ. चेअरमनसाहेब स्वतः शाल घालतात आणि ‘संस्थेला आपलं घर मानणारी माणसं’ यावर लांबलचक बोलतात. आता शाल, आणि तीही सोलापुरात! उन्हाळा अजून उतरलेला नसतो, अंगातून घामाच्या धारा, आणि खांद्यावर ती टोचरी शाल घेऊन फोटोसाठी हसायचं. माझ्याकडे अशा शालींचा ढीग झाला होता. एक मिक्सरवर, एक इन्व्हर्टरवर, बाकीच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत.

रजा अगदीच मिळत नाही असंही नाही हं. मिळते की. फक्त त्यासाठी घरातलं कुणीतरी मरावं लागतं, निदान अंथरुणाला तरी खिळावं लागतं. अर्जावर ‘कारण’ अशी एक ओळ असते. तिथं ‘वडील आजारी’ लिहिलं की आमचे साहेब चष्मा वर करून “अरेरे” म्हणतात आणि सही ठोकतात. ‘मयत’ लिहिलं तर बसायला खुर्चीसुद्धा देतात, आणि ती रजा शालीच्याही आड येत नाही. बाकी काहीही लिहा, त्यांचं एकच वाक्य: “आत्ताच काय नडलंय?”

आमच्या कॅशियरबाई शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या तेलुगू घरातल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अक्कांनी एकदा देवाला जायचं म्हणून अर्जात ‘सासू आजारी’ असं लिहिलं. सासू कशी, तर धडधाकट, दोन मजले चढून पापड वाळत घालणारी. अक्का देवाला जाऊन आल्या आणि त्याच आठवड्यात सासू न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अक्कांनी कानाला खडा लावला. खोटं लिहायचं नाही. आणि खरं लिहिलं तर रजा मिळत नाही, म्हणून मग रजाच मागायची नाही. “वास्तू तथास्तु म्हणते गं,” त्या मला सांगायच्या, “आणि कागदावर लिहिलेलं तर तिला वाचून पण बघता येतं.”

मी हसायचे त्यांना. पण माझाही हात त्याच ओळीवर अडायचा. आमची आई अभद्र शब्द तोंडातून काढू द्यायची नाही. डाळ संपली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. अशा घरात वाढलेली बाई धडधडीत जिवंत बापाला कागदावर आजारी कशी पाडणार? नाहीच पाडता येत. म्हणून आपली शालींवर शाली घेत बसले.

दिवाळी होऊन महिना-दीड महिना झाला आणि आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील. ते आपणहून कधी फोन करत नाहीत, आई लावून देते आणि ते “हूं, बरं हाय” म्हणून परत देतात. नातेपुत्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे. थोडं कोरडवाहू रान, बाकी सगळा जीव मेंढरांवर. आबांनी जन्मभर तेच केलं. मेंढराला रविवार नसतो, तेव्हा आबांनाही नव्हता.

“गुडगं काय ऐकंनात बाय,” ते म्हणाले. “संक्रात झाली की मेंढरं देऊन टाकनार हाय. व्यापारी बगून गेलाय.”  मला वाटलं, आता फोन आईकडे देतील. तेवढ्यात म्हणाले, “ये की चार दिस. मेंढरं हाईत तवर.”

 लहानपणी शाळेला सुट्टी लागली की मी आबांच्या मागं रानोमाळ फिरायचे. कोकरू खांद्यावर घेऊन पाढे म्हणायचे आणि चुकले की आबा काठीनं जमिनीवर टकटक करायचे, त्यांना स्वतःला पाढे येत नसताना! नंतर वसतिगृह, मग नोकरी, मग संसार. मेंढरांमागं मी परत कधी गेलेच नाही. दिवाळीला जायचं, भाऊबीज उरकायची की बस धरायची. आणि आता ती मेंढरंच राहणार नव्हती. या माणसानं मला उभ्या आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागून काय मागितलं, तर चार दिवस.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. शिल्लक होती नव्हती तेवढी सगळी रजा मागितली. कारणाच्या ओळीवर क्षणभर थांबले, आणि सरळ लिहिलं: वडिलांबरोबर मेंढरं राखणे.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “मॅडम, हे काय आहे?”

“कारण आहे, साहेब.”

“मेंढरं?”

“हो. मेंढरं.”

“अहो, हा कागद चेअरमनसाहेबांपुढं जातो. असं लिहितात का कुठं? तुम्ही एक काम करा, ‘वडील आजारी’ लिहून आणा. आत्ताच्या आत्ता सही करतो.”

“वडील आजारी नाहीत.”

“लिहायला काय जातंय?”

इथं माझं डोकं सटकलं. साहेबांचे वडील नव्वदीच्या घरातले, देवाच्या दयेनं ठणठणीत. रोज दुपारी ते साहेबांना जेवलास का म्हणून फोन करतात, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक. मी म्हटलं, “मग तुमच्या वडिलांचं लिहू का? लिहायला काय जातंय?”

“अहो, शुभ बोला!” साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“तेच म्हणतेय मी. तुमच्या बापाचं अशुभ चालत नाही, मग माझ्या बापाला का झोपवताय?”

काउंटरवर नोटा मोजायचं मशीन बंद पडल्याचं ऐकू आलं. अक्कांनीच बंद केलं होतं, नीट ऐकू यावं म्हणून. साहेबांनी मग आवाज खाली आणला. मार्चला मी रिटायर होतोय, तुमचं नाव शाखाधिकारी म्हणून बोर्डापुढं जाणार आहे, वसुलीचे दिवस तोंडावर आलेत, अशा वेळी माणसानं जरा समजून वागावं. सगळं अगदी काकुळतीनं बोलले. ते वाईट मनाचे नाहीत. तेही असेच शाली घेत घेत त्या खुर्चीपर्यंत पोचलेत.

“नाव जायचं तर जाऊ दे, राहायचं तर राहू दे,” मी म्हटलं. “रजा माझी आहे साहेब. मी मागायला नाही आले, सांगायला आलेय.”  भीती वगैरे काही वाटत नव्हती. शेवटी त्यांनी एका आठवड्यावर सही केली आणि बाकीचं पुढं बघू म्हणाले. बाहेर आले तर अक्का डोळे विस्फारून बघतायत. “अय्यो! खरं लिहून मिळाली?”

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “पद गेलं तर?” मी म्हटलं, गेलं तर गेलं. तो म्हणाला, “लेकाचा डबा मी करतो. पोळ्या मात्र विकतच्या.”

मी वस्तीवर फोन केला नाही. म्हटलं, अचानक जाऊन गंमत करू. केवढी मोठी चूक झाली ती! बायकांच्या अर्ध्या तिकिटात पंढरपूर केलं, तिथून दुसरी गाडी धरली. वेळापूर गेलं, माळशिरस गेलं, आणि भर दुपारी पिशवी घेऊन फाट्यावर उतरले. चालत वस्तीवर पोचले तर आई हौदावर भांडी घासत होती. तिनं मान वर केली. हातातलं पातेलं तसंच राहिलं. उठली, आत गेली, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. गाडीत बाटलीभर पाणी पिऊन झालं होतं माझं. सहज म्हटलं, “पाणी नको, आये.”

आई मटकन खालीच बसली.

आमच्याकडे जवळच्या माणसाच्या मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. घरचं कुणीतरी स्वतः येतं, आणि आलेला माणूस सांगितल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नाही. हे मला पाठ होतं, पण माझ्या ध्यानातच आलं नाही. कामाच्या वारी, भर दुपारी, न सांगता आलेली लेक, आणि वर पाणी नको म्हणतेय. आईनं काय समजायचं? त्यात माझा मामाही सोलापुरातच राहतो. “माजा भाव गेला का गं?” म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो शेजारच्या वस्तीपर्यंत गेला. बाया पळत आल्या. एकीनं तर कोण गेलं हे न विचारताच गळा काढला.

“अगं कुणी गेलं न्हाय!” मी ओरडले. “रजा घेऊन आलीया मी!”

रडणं थांबलं. आईनं पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. “कामावरनं काडलं का?”

“न्हाय गं.”

“मग जावायाशी भांडून आलीस व्हय?”

“न्हाय गं आये! अशीच आली. तुमच्याकडं.”

तिला ते खरंच वाटेना. मी घटाघटा तांब्याभर पाणी प्याले तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला. बाया हसत हसत घरी गेल्या, पण मला काही हसू येईना. इतक्या वर्षांत मी कामाच्या दिवशी या दारात आले ती फक्त मयतालाच. आजोबांच्या, चुलत्याच्या, आत्याच्या. माझ्या आईनं माझं तोंड बघितलं आणि तिला मरण आठवलं. त्या शाली घेऊन मी हे कमावलं होतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला, साहेबांचा, चेअरमनचा, त्या नारळाचा.

संध्याकाळी आबांकडे गेले. मका निघालेल्या एका रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, म्हणून लोक मेंढरं रात्री आपल्या रानात बसवून घेतात. आबा वाघर लावत होते, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. मला बघून कोण गेलं वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, “आलीस? धर ही दोरी.” मी धरली.

पुढचे दिवस मी नुसती चालले. पाय सुजले, तोंड काळवंडलं, अंगाला मेंढरांचा वास लागला. एका पहाटे मेंढी व्यायली. थंडीसाठी मी सत्काराची एक शाल आणली होती. आबांनी ती हातात घेऊन चाचपली, “ह्यानं कसली थंडी जाती?” म्हणाले, आणि कोकरू त्यात गुंडाळून ठेवलं. चेअरमनसाहेबांनी बघायला हवं होतं.

आठवडा सरत आला. त्या दिवशी आई भाकरी घेऊन रानात आली होती. तिघं वाघरीपाशी जेवत बसलो होतो. आबांनी मध्येच विचारलं, “मी मेलो तर किती दिस रजा देत्यात तुला?”

“आबा!”

“आगं इचारतूय.”

“देतात की. पाच-सहा दिवस.”

“पगार कापत्यात?”

“न्हाय.”

“मग त्ये बी आत्ताच घेऊन टाक की. मी गेल्यावर येऊन काय करनार? रडनार. आन मेंढरं बी नसत्याल तवा.”

आई खवळली. “तिनीसांजंला कसलं अबद्र बोलताय! वास्तू तथास्तु म्हनती!”

“कुटली वास्तू?” आबांनी हात फिरवून सगळं रान दाखवलं. “हितं भित न्हाय का छप्पर न्हाय. उगड्यावर बसलूय की.”

आई हसू दाबत होती, ते दाबलं गेलं नाही. मी पण हसले. आबांनी आपल्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. 

सकाळी साहेबांना फोन लावला. रेंज येईना म्हणून बांधावर चढले. मागं मेंढरं ओरडत होती.

“साहेब, उरलेली सगळी रजा टाकतेय. संक्रांत करूनच येते.”

साहेबांचा आवाज एकदम हळू झाला, खुर्ची पुढं करतात तसा. “कोण गेलं, मॅडम?”

“कुणी नाही गेलं, साहेब,” मी म्हटलं. “सगळे आहेत. म्हणून तर रजा पाहिजे.”