पाच तासांचा शंकू, साडेचार तासांची वीज

त्या वर्षी लातुरात आमच्या भागाला दुपारची वीज अकराला यायची आणि साडेतीनला जायची. माझ्या कॉम्प्युटरला एक शंकू कापायला पाच तास लागायचे. सगळं दुखणं एवढंच होतं.

मी एका क्लासमध्ये बारावीला गणित शिकवत होते. तेव्हा गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. उदगीर, अहमदपूरकडची पोरं-पोरी खोल्या करून राहायची. शंकूला सपाट पातं तिरकं लावलं की लंबवर्तुळ मिळतं, आणखी तिरकं केलं की अन्वस्त, जवळजवळ उभं धरलं की अपास्त, हे मी फळ्यावर काढायचे, आणि मुलांना दिसायचा नुसता त्रिकोण. म्हणून मनात आलं, हा शंकू हलत्या चित्रात कापून दाखवावा. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. त्यानंच तिथून कॉम्प्युटर जोडून आणला होता. पण माझा प्रोग्रॅम असा हट्टी, की मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरू. इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखा चालायचा. कॉम्प्युटर लावला की इन्व्हर्टर किंचाळायचा. चार दुपारी अर्ध्या तासासाठी वाया गेल्या.

नांदेडच्या दुकानदाराला फोन केला.

“मॅडम, प्रोसेसरचा वेग वाढवा ना,” तो म्हणाला. “तुमच्याकडचा वाढतोय. बस वाढवा, सगळंच पळतंय बघा.”

त्यानं समजावलं ते मला लगेच पटलं, कारण तो साधा गुणाकार होता. मदरबोर्डचा एक मूळ ठोका असतो, त्यालाच तो ‘बस’ म्हणत होता, आणि त्याला मल्टिप्लायरनं गुणलं की प्रोसेसरचा वेग. माझा ठोका एकशे सहासष्ट, मल्टिप्लायर अकरा. ठोका दोनशे केला की पाच तासांचं काम चार तास नऊ-दहा मिनिटांत. मशीन सुरू होताना डिलीट दाबून निळ्या पडद्यावर आकडा बदलला आणि खुशीत चहा टाकला.

चाळीस मिनिटांनी चित्र थिजलं. दुसऱ्या दिवशी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मी प्रोसेसरचं व्होल्टेज एक पायरी वाढवलं, तर तो तापायला लागला. एप्रिलचं ऊन, वर पत्र्याची खोली. स्टॅबिलायझर आणला, फरक नाही. मग गंजगोलाईच्या बाजारातून मोठा पंखा आणला आणि कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडून तिथं कसून बसवला.

पंखा सुरू झाला की टेबल घुमायचं. टेबलाला लागून भांड्यांची मांडणी होती, तिच्यावरचे पेले किणकिणायला लागायचे. आमच्या सासूबाईंचं माहेर भूकंपात गेलेलं. थोरली बहीण त्यात गेली. पहिल्या दिवशी पेले वाजले तशा त्या अनवाणी अंगणात धावल्या.

“हालून राहिलंय गं! भाईर ये!”

“आई, पंखा आहे तो.”

त्यांनी हात लावून पंखा पाहिला, मान हलवली, आत आल्या. दुसऱ्या दिवशी पेले वाजले आणि त्या पुन्हा अंगणात. तिसऱ्या दिवशी मशीन तिसऱ्या तासाला थिजलं. माझं डोकं फिरलं होतं, आणि बघते तर त्या भर उन्हात पायरीखाली उभ्या.

“आत या ना आता!” मी ओरडले. “दहा वर्षं झाली त्याला!”

त्या म्हणाल्या, “मला ठाव हाय पंखा हाय म्हणून. पायच ऐकत न्हाईत, त्याला मी काय करू?”

मी आत जाऊन स्क्रू काढले आणि पंखा खोक्यात घातला. आणखी एक वाईट गोष्ट सांगायची तर पंखा काढताना मला त्यांची दया जेवढी आली, तेवढाच रागही आला होता. तो मशीनचा होता की त्यांचा, मला ठरवता आलं नाही.

पंखा गेला म्हणजे वाढवलेलं व्होल्टेज परवडणार नव्हतं. ते मूळच्यावर आणलं आणि वही घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसले. वर्गात मी रोज ओरडते, एका वेळी एकच गोष्ट बदला. स्वतः मात्र तीन-तीन बदलत बसले होते. आता ठोका दोनशेच ठेवून फक्त मल्टिप्लायर उतरवला. दहावर थिजलं. नऊवरही थिजलं. वहीत गुणाकार लिहिला तेव्हा पेन थांबलं. दोनशे गुणिले नऊ, अठराशे. हा तर प्रोसेसरच्या मूळ वेगापेक्षाही कमी! मग बिचाऱ्याला झेपेना कसं?

म्हणजे तो अडतच नव्हता. दोनशेच्या ठोक्यावर मेमरीही धावत होती, आणि तिच्याकडं मी ढुंकून पाहिलं नव्हतं. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला तर दोन मिनिटांत पडदा लाल ओळींनी भरला. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या होत्या, एक जुनी, एक नवी. जुनी काढली, ओळी थांबल्या. नवी काढून एकटी जुनी ठेवली, पुन्हा लाल. सेटिंगमध्ये तिला जरा सैल सोडून पाहिलं, ओळी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. एकट्या नव्या पट्टीवर मेमरी अपुरी पडून माझा प्रोग्रॅम उघडेचना.

दुकानदार फोनवर म्हणाला, “तेच तर म्हणून राहिलो मॅडम, जुनी पट्टी बदला.”

“कधी म्हणालात?”

तो हसला. मी फोन ठेवला.

मग ठोका मुकाट्यानं एकशे सहासष्टवर आणला, म्हणजे दोन्ही पट्ट्या आपल्या चालीनं चालतील, आणि एकटा मल्टिप्लायर वाढवला. बारावर दुपार निभावली, पण मिनिटं कमी पडली. मल्टिप्लायर साडेबारा केला तर हिशेब निघाला चार तास चोवीस मिनिटं. प्रोसेसर गरम व्हायचा, पण हद्दीत.

त्या दिवशी वीज दोन मिनिटं उशिरा आली. मी जेवायलाही उठले नाही. तीन सत्तावीसला शंकू पूर्ण कापून झाला आणि मी घाईघाईनं तो सीडीवर घ्यायला लागले, तेवढ्यात वीज गेलीच. पण फाईल मशीनमध्ये राहिली होती. रात्री सीडी केली. सासूबाई मागं उभ्या राहून बघत होत्या.

“ऊस तिरका तोडल्यावर असंच दिसतंय की,” त्या म्हणाल्या.

अगदी तसंच दिसतं. मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

वर्गात चित्र दाखवलं तेव्हा मुलांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, दोनदा. क्लासचे सर मागं उभे होते. “छान आहे,” ते म्हणाले, “पण मॅडम, तासातली सतरा मिनिटं गेली.”

शनिवारी नवरा आला. “मग, किती वाढला वेग?”

“तेरा-चौदा टक्के.”

“तेवढ्यासाठी तीन आठवडे?”

त्याच्याशी मी रविवारी दुपारपर्यंत बोलले नाही. सोमवारी अकराला वीज आल्यावर अपास्ताचं चित्र लावलं, आणि दाराशी एक ऊस, विळी आणि सासूबाई, अशा आम्ही पुढच्या तासाच्या तयारीला बसलो.