उंबऱ्यातला खिळा

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. मी महाडला एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त मशीनमध्ये घालायचं आणि मशीन सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, हा माझा स्वभावच झालाय. अंगात येणं, बाहेरचं लागणं यावरून आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं मीच केलीत. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण मुलगी आता चालायला लागलीय, आणि कुठेतरी सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावरची एक वाडी. निम्मी घरं मुंबईला, उरलेली भातशेती आणि गुरं बघतात. वाडीत एकच जीप. ती सकाळी पोलादपूरला उतरते आणि दुपारी वर येते. मोबाईलला रेंज हवी असेल तर खालच्या वळणापर्यंत चालत जायचं.

माझे दिवस भरत आले होते. महाडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "बाळाची पाठ तुमच्या पाठीला लागलीय. कळा सुरू झाल्या की बरीच बाळं आपणहून फिरतात. वाट बघू, नाही फिरलं तर सिझर आहेच." मला नॉर्मलच हवी होती, म्हणून मी खुशीत. बाबांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "वाट नको बघू गो. सिझर करून मोकळी हो."

त्याला कारण होतं. बाबांची मोठी बहीण, सुमन आत्या, पहिल्या बाळंतपणाला याच घरात आली होती. तिचंही बाळ असंच पाठीला पाठ लावून. दिवसभर तिच्या पाठीत कळा येत राहिल्या, बाळ काही खाली उतरलं नाही. शेवटी दोघंही गेली. मुलगा होता की मुलगी, तेही कुणाला कळलं नाही. घरच्या मागच्या खोलीत हे झालं. आता तिथे भाताची पोती असतात. त्या खोलीच्या उंबऱ्यात मधोमध एक लोखंडी खिळा होता. लहानपणी आमची बोटं त्यावर ठेचकाळायची. काढा म्हटलं की आई म्हणायची, "राहू दे तो."

तारखेला अजून अवकाश होता, म्हणून मी चार दिवस माहेरी गेले होते. मग महाडला परत येऊन तिथेच थांबायचं ठरलं होतं. पण बाळाला कुठे आमचं ठरलेलं माहीत? सकाळी चहा पिता पिता कमरेत कळ आली. पोटात काहीच नाही, सगळं पाठीत... कुणीतरी माकडहाडात पहार घालून उचकटावं तसं. जीप नुकतीच खाली गेलेली. बाबा फोन घेऊन वळणाकडे पळाले. भातकापणीचे दिवस, वाडीतलं माणूस न् माणूस शेतावर. घरात मी, आई आणि रेश्मा वहिनी.

आईने पदर खोचला. आमच्याकडे बाई अडली की घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवत नाहीत. गुरांची दावी सोडायची, डब्यांची झाकणं काढायची, ट्रंकेची कुलपं उघडायची, माझे केससुद्धा मोकळे. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते म्हणे.

मी तशातही म्हटलं, "आई, हॉस्पिटलात पण सगळ्यांच्या पिशव्या सोडायला लावशील का?"

"तू गप कळा दे," आई म्हणाली, आणि वहिनीला हाक मारली. "रेश्मा, जे काय बांधलंय, ठोकलंय, बंद हाय, ते समदं सोड."

वहिनी भांडुपची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूने सांगितलेलं काम शब्दाशब्दाने करणारी. मी माजघरात खाटेवर हात टेकून गुडघ्यांवर ओणवी झाले होते. मान कलती करून पाहिलं तर वहिनी पक्कड घेऊन माझ्यामागे उंबऱ्यातला तो खिळा पिरगाळतेय. लाकूड कुजलेलं, खिळा सहज आला. तिने तो पदराला पुसून खिडकीत ठेवला आणि आईच्या मदतीला गोठ्याकडे गेली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. वाटायला जागाच नव्हती, पुढची कळ येत होती.

ती कळ पुरती येण्याआधीच कुणीतरी माझ्या कमरेवर दोन्ही तळवे टेकले आणि दाबलं. बरोबर जिथे दुखत होतं तिथे. इतकं बरं वाटलं की मला रडू आलं.

"वहिनी, असंच धरा. सोडू नका," मी म्हटलं.

हात सोडले नाहीत. खरखरीत होते, मुठीत वाळू धरून मग उघडावी तसे. कळ ओसरली की सैल व्हायचे, यायच्या आधी परत घट्ट.

आणि मग अंगणातून वहिनीचा आवाज आला. "आई, ही गाय दावं सोडलं तरी जातच नाय हो."

"दे चापट तिला," आईचा आवाजही तिकडूनच.

दोघी बाहेर होत्या. हात माझ्या पाठीवर होते.

मी मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली, हो. पण खरं सांगू? पाहिलं तर ते हात जातील याची भीती जास्त वाटली. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कमरेजवळून बारीक आवाज आला. "फिर गो बाय... फिर." माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. ते आतल्या बाळाशी चाललं होतं, हट्टी पोराची समजूत काढावी तसं, पुन्हा पुन्हा. मग एका कळेत माझं अख्खं पोट एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकलं. पाठीतली पहार कुणीतरी काढून घेतली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बाबा ओट्यावर चढत हाक मारत होते, "शीतल, हाय ना गो बरी?" त्यांचा आवाज आला आणि पाठीवरचे हात उचलले गेले. आधी एक, मग दुसरा.

महाडला पोचल्यावर मॅडमनी तपासलं. "फिरलं की बाळ. म्हटलं होतं ना?" त्यांचं बरोबरच होतं, त्यावर माझा काही वाद नाही. दुपारी मुलगी झाली, नॉर्मल. नंतर माझी पाठ पुसता पुसता सिस्टर थांबल्या.

"काय हो, धान्यात लोळून आलात की काय?"

कापसावर बारीक, गोल, पिवळट दाणे होते. काही अजून कातडीत रुतलेले. मी ते आईला दाखवले. आईने एक दाणा नखाने दाबून बघितला. "राळं हाय हे."

माझ्या आठवणीत आमच्या वाडीत राळं, म्हणजे ते जुनं भरडधान्य, कुणी पेरलेलं नाही. खाटेवर नाही, पोत्यांत नाही, घरात कुठेच नव्हतं. मी नंतर कोपरान् कोपरा शोधला. वहिनी शपथेवर सांगते, ती गोठ्याकडून आत आलीच नव्हती.

बाबांनी त्यातला एक दाणा बोटावर घेतला.

"सुमनला मसणात नेऊन परत येताना वाटेवर राळं टाकायचं काम माझ्याकडं होतं," ते म्हणाले. "बाळंतपणात गेलेली बाय घराकडं येते म्हणतात. वाटेवर राळं असलं की तिला एकेक दाणा वेचायला लागतो. तवर उजाडतं, ती माघारी जाते. दुसऱ्या रात्री परत वेचायला लागते. खिळा पण मीच ठोकला. माझ्याच बहिनीला घरात येता येऊ नये म्हणून."

मग त्यांनी तो दाणा परत माझ्या हातावर ठेवला. "म्हंजे वेचून झालं गो तिचं समदं."

बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी त्यांना हातांचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं नाही. कारण त्या खोलीत आणखी एक बाळ फिरायचं राहून गेलं होतं. सुमन आत्या माझ्या मुलीला फिर म्हणत होती की तिच्या स्वतःच्या बाळाला, ते मला माहीत नाही. मला याचं काहीच स्पष्टीकरण देता येत नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. मला ते पटलं तर हवंच आहे.

खिळा अजून खिडकीत आहे. मी माहेरी गेले की बाबा एकदा तरी विचारतात, "ठोकू काय गो?"

"राहू दे," मी म्हणते. तिने माझी लेक मला दिली, हे मी लॅबवाली असूनही मनापासून मानते. तिला आता परत वाटेवर घालवायला माझा हात उचलला जाणार नाही.

पण लेक त्या खोलीकडे दुडदुडत निघाली की मी हातातलं काम टाकून धावते. आणि उंबऱ्याशी पोचायच्या आधीच तिला कडेवर उचलते.