कलम तीन : नाकबूल

मिरज स्टेशनवर नानांनी माझी ट्रंक बाकाखाली सरकवली, ती पक्की बसली आहे का हे दोनदा हलवून पाहिले आणि मगच ते डब्यातून उतरले. ते दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होते. कागद असो वा ट्रंक, खात्री झाल्याखेरीज सोडत नसत. आईने खिडकीतून भडंगाचा डबा दिला आणि म्हणाली, "कुणी काही बोललं तर उलट उत्तर देऊ नकोस. गप्प राहिलं की विषय आपोआप मिटतो." गाडी हलली तेव्हा नाना म्हणाले, "दोन वर्षं. मग परत."

मी खिडकीतून हात हलवला.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी बंगळूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातूंचे पृथक्करण करायला निघाले होते. दोन वर्षांची सहा झाली ती एका खटल्यामुळे. मालाच्या प्रतीवरून वाद झाला, माझा अहवाल कोर्टात गेला आणि पाठोपाठ मलाही साक्षीला जावे लागले. वकील दरडावत होते, "हो की नाही, तेवढंच सांगा." पिंजऱ्यात उभ्या उभ्या मला वाटत होते, हे प्रश्न मी याहून चांगले विचारले असते. त्याच वर्षी मी संध्याकाळच्या लॉ कॉलेजात प्रवेश घेतला.

नुसत्या कायद्याच्या पदवीने वकिलीची सनद मिळत नव्हती. आधी वर्षभर एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी, मग सनदेची परीक्षा. मी नोकरी सोडली आणि मल्लेश्वरमातल्या खोलीतून रोज दोन बस बदलून बसवनगुडीला अण्णांच्या कचेरीत जाऊ लागले. या वृद्ध वकिलांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले; त्यांच्या मराठीत कानडी इतके मुरले होते की ते वेगळे काढणे माझ्या प्रयोगशाळेलाही जमले नसते.

घरी मी वकिलीचे कळवले तेव्हा नाना खूश झाले. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य येऊ लागले : 'सनद झाली की तू परत येशीलच. येथील एका वकिलांच्या कचेरीत खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे.' मला कारखान्यांचे, यंत्रांचे, सदोष मालाचे खटले चालवायचे होते, आणि ते बंगळूरला होते. मी उलटटपाली आईच्या गुडघ्यांची चौकशी करीत असे, इथल्या तांदळाविषयी लिहीत असे. त्या एका वाक्याला उत्तर देत नसे.

उमेदवारीत अण्णांनी मला पहिली कैफियत लिहायला दिली, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे उत्तर. वादीचे म्हणणे, मधली भिंत त्याच्या वडिलांनी बांधली. आमच्या अशिलाजवळ त्याविरुद्ध पुरावा नव्हता. म्हणून मी शास्त्राला धरून लिहिले, 'ही शक्यता नाकारता येत नाही.'

अण्णांनी चष्मा काढला. "अक्का, ही कैफियत की प्रयोगाची वही? तो म्हणतो भिंत त्याच्या बापाची. आपण म्हणतो, असेलही! मग कोर्टात कशाला जायचं? आपल्या अशिलालाच पेढे घेऊन त्याच्या घरी पाठवू."

"पण पुराव्याशिवाय नाही कसं म्हणायचं?"

"स्वल्प थांबा. पुरावा नंतर. आधी एकेक कलम घ्यायचं, कबूल तर कबूल, नाकबूल तर नाकबूल. ज्याला उत्तर दिलं नाही, ते कबूल धरतात. सरी? पटलं ना?"

नियम मला पाठ होता, अंगवळणी पडला नव्हता. परीक्षेत मसुद्याच्या पेपरात नेमकी कैफियतच आली. एकेका कलमाचे उत्तर लिहीत गेले आणि तिसऱ्यापाशी लेखणी थांबली. वर्षभर मी नानांचे एक कलम अनुत्तरित ठेवले होते. नानांची हयात कोर्टात गेली होती. माझ्या मौनाचा अर्थ त्यांनी काय लावला असेल, हे वेगळे सांगायला नको.

पास झाल्याचे कळले त्या दुपारी बातमीसोबत मी उत्तरही लिहिले.

'तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार. कलम एक : मला तुमची आठवण येते, कबूल. कलम दोन : माझे अक्षर आणि हट्ट दोन्ही तुमच्याकडून आले, कबूल. कलम तीन : सनद झाल्यावर मी कायमची परत येईन, नाकबूल.'

दोन आठवडे काही आले नाही. त्या काळात मी प्रत्येक वाक्य मनात खोडून पुन्हा लिहिले; तिसरे कलम मात्र तसेच राहिले. मग पोस्टकार्ड आले : 'कैफियत पोचली. उशिरा, तरी दाखल करून घेतली. खिडकीजवळची जागा सोडल्याचे वकिलांना कळवले. दिवाळीस समक्ष हजर राहावे.'

इकडे आलेल्या आपल्या बायका जमतात तेव्हा घर इथले की तिथले, हा वाद निघतोच. माझ्याजवळ व्याख्या नाही, एक निरीक्षण आहे. दर दिवाळीला मी उंबरठ्याशी पोचते तोच नाना विचारतात, "परतीचं तिकीट काढलंस?" आई आतून म्हणते, "अहो, तिला आधी पाणी तरी घेऊ द्या." पाणी यायच्या आत मी उत्तर देते.

"काढलंय, नाना."

मग ते माझी ट्रंक उचलून आत नेतात.